‘आधी ते, मग तुमचं’ : इतिहासातलं हे ‘मग’ कधी येतं?



कार्यकर्त्यांच्या शिबिरांत एक विषय हमखास असतो : ‘जगाच्या इतिहासाला वळण देणाऱ्या घटना’. मध्ययुगापासून आधुनिक काळापर्यंत. मध्यंतरी एका स्नेही संघटनेनं या विषयावरची आपली पुस्तिका आमच्या गटाकडे अभिप्रायासाठी पाठवली. विद्यापीठांची स्थापना, छपाईचा शोध, प्रबोधन, अमेरिकेचं स्वातंत्र्य, फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती असं सगळं ओळीनं मांडलेलं. भाषा सोपी, भूमिका शोषितांच्या बाजूची. बाई मात्र शेवटच्या दीड पानात, ‘स्त्रियांचे योगदान’ या मथळ्याखाली.

याच संघटनेबरोबरच्या एका संयुक्त आघाडीत आम्ही मागणी केली होती, की जमिनीच्या मागणीपत्रात सातबाऱ्यावर बाईचंही नाव लावण्याचा मुद्दा घ्या. उत्तर मिळालं, ‘ताई, मुद्दा बरोबर आहे. पण आधी मोठी लढाई जिंकू या, मग तुमचं आहेच की!’

ती पुस्तिका आणि हे उत्तर, दोन्ही एकाच माळेचे मणी आहेत. इतिहास तसा लिहिला जातो म्हणून वर्तमानात असं बोलता येतं. म्हणून अभिप्राय म्हणून दोन दुरुस्त्या सुचवण्यापेक्षा मी सरळ भांडायचं ठरवलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : जगाच्या इतिहासात हे ‘मग’ आपण होऊन कधीच आलेलं नाही. गाडी वळणावर अडली की ढकलायला बायका असतात, वळण पार झालं की त्यांना खाली उतरवलं जातं. बायकांच्या पदरात जे पडलं, ते वळणाच्या ऐन घडीला त्यांनी स्वतःच्या संघटनेच्या जोरावर कागदावर लिहवून घेतलं तेवढंच. आणि तेसुद्धा पुढे राखावं लागलं.

वळण कुणासाठी?

मध्ययुगातल्या विद्यापीठांपासून सुरुवात करू. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड. ज्ञानाची दारं उघडली, असं आपण शिकतो. १३२२ साली पॅरिसमध्ये जॅकोबा फेलिसी नावाच्या बाईवर खटला चालला. तिचा गुन्हा काय? ती रोग्यांची नाडी बघे, लघवी तपासे, औषध देई. आणि तसं करायचा परवाना तिच्याकडे नव्हता. खटला भरला होता पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेनं. तिनं बऱ्या केलेल्या रोग्यांनी येऊन साक्षी दिल्या, की जिथं नावाजलेल्या वैद्यांनी हात टेकले तिथं हिनं आम्हाला उभं केलं. तरी तिच्यावर बंदी आली. परवाना हवा तर विद्यापीठात शिकायला हवं, आणि विद्यापीठात बाईला प्रवेश नाही! म्हणजे विद्यापीठ आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या हातात असलेली विद्या ‘बेकायदा’ ठरली.

मग छपाई. १४५०च्या सुमारास गुटेनबर्गनं जर्मनीतल्या माइन्झ गावी खिळे जुळवून छापायला सुरुवात केली. हे मोठंच वळण, यात वाद नाही. पण त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत ‘मालेउस मालेफिकारुम’ नावाचं एक पुस्तकही छापून बाहेर पडलं. चेटकीण ओळखावी कशी, तिच्यावर खटला चालवावा कसा, याचं ते मार्गदर्शन. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली, आणि त्यांतल्या दर चारांमागे तीन तरी बायका होत्या, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. आपण समजतो की हा मध्ययुगातला अंधार. नाही. या शिकारीचा जोर सर्वांत जास्त होता तो १५६० ते १६३० या काळात, म्हणजे पुस्तिकेत ज्याला ‘आधुनिक युगाची पहाट’ म्हटलंय, त्याच पहाटे!

जोन केली या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९७७ साली आपल्या लेखातून विचारलं होतं, की प्रबोधनकाळ म्हणतात तो बायकांच्या वाट्याला आला होता का? त्यांचं उत्तर होतं, निदान पुरुषांना आला तसा तर नाहीच. इटलीतल्या वरच्या थरातल्या बायकांची मोकळीक त्या काळात उलट आवळली गेली. एवढा एक प्रश्न विचारला की सगळी यादी हलायला लागते.

मला विद्यापीठं नकोत, छापखाने नकोत, असं मुळीच म्हणायचं नाही. मी स्वतः विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि हा लेख तुमच्या हातात छापूनच येतो आहे. पण ती दारं आपल्यासाठी ज्यांनी नंतर उघडली, त्या बायकांचा लढा हे या पुस्तिकेत ‘वळण’ ठरत नाही. ते ठरतं ‘योगदान’. माझा वाद या हिशेबाशी आहे.

फ्रान्स : भाकरी मागणाऱ्यांना घराचा रस्ता

क्रांत्यांची आई म्हणून जिचं नाव घेतात, त्या फ्रेंच राज्यक्रांतीकडे जरा नीट बघू. २६ ऑगस्ट १७८९ला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. १७ कलमं. पण राजा त्याला मान्यता देईना. पॅरिसमध्ये पाव महागलेला, मिळेनासा झालेला. ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका उठल्या. मासळीवाल्या, भाजीवाल्या, हातावर पोट असणाऱ्या. हजारोंच्या संख्येनं, पावसात, चिखल तुडवत त्या वीसेक किलोमीटरवरच्या व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. राजानं त्याच दिवशी जाहीरनाम्याला मान तुकवली. दुसऱ्या दिवशी राजाराणीला घेऊनच बायका पॅरिसला परतल्या. त्यानंतर राजा व्हर्सायला कधीच परत गेला नाही. ज्या कागदावर आधुनिक जगातली लोकशाही उभी आहे असं आपण म्हणतो, त्या कागदावर राजाची मान्यता बायकांनी मिळवून दिली.

पुढे काय झालं? त्याच वर्षअखेरीला मताचा हक्क ठरला. पंचवीस वर्षांवरचा आणि ठरावीक कर भरणारा पुरुष तो ‘सक्रिय’ नागरिक. गरीब पुरुष, घरगडी आणि बायका निष्क्रिय. व्हर्सायपर्यंत चालत गेलेल्या बायका निष्क्रिय!

असं नाही की कुणाच्या लक्षात आलं नाही. कोंदोर्से या विचारवंतानं जुलै १७९०मध्ये लेख लिहून बायकांना नागरिकत्वाचे हक्क द्या अशी मागणी केली. सप्टेंबर १७९१मध्ये ओलँप द गूज या लेखिकेनं ‘स्त्री आणि नागरिक-स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा’ छापला. पुरुषांच्या जाहीरनाम्यात १७ कलमं, हिच्याही जाहीरनाम्यात १७. बाईला वधस्तंभावर चढवताना तुम्ही सूट देत नाही, मग सभेच्या व्यासपीठावर चढताना अडवता कुठल्या न्यायानं, असा तिचा रोकडा सवाल होता. मे १७९३मध्ये पोलीन लेओं आणि क्लेर लाकोंब यांनी क्रांतिकारी प्रजासत्ताकवादी बायकांची स्वतंत्र संघटना काढली. साठेबाजांवर कारवाई करा, भाव बांधून द्या, या तिच्या मागण्या. म्हणजे ‘उच्चभ्रू बायकांचे चोचले’ नव्हेत.

पाच महिने चालली ही संघटना. ३० ऑक्टोबर १७९३ला कन्व्हेन्शननं, म्हणजे क्रांतीच्या लोकसभेनं, बायकांच्या सगळ्या मंडळांवर बंदी घातली. निमित्त काय मिळालं? लाल टोपी आणि बिल्ला घालण्यावरून संघटनेतल्या बायका आणि बाजारातल्या बायका यांच्यात झालेली हातापायी. बायकाबायकांतलं भांडण दाखवून बायकांचंच तोंड बंद करायचं, ही युक्ती किती जुनी आहे बघा! समितीतर्फे अहवाल मांडणाऱ्या आमारनं सांगितलं, की राज्यकारभाराला लागणारी शारीरिक आणि नैतिक ताकद बायकांत नसते. निसर्गानं त्यांना घरची कामं दिली आहेत. त्यानंतर चारच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, ओलँप द गूजचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. तिला शिक्षा झाली ती एका राजकीय पत्रकासाठी. पण पॅरिसच्या नगरपालिकेतल्या शोमेट या पुढाऱ्यानं पंधरवड्याच्या आत तिचंच उदाहरण देऊन सभागृहात आलेल्या बायकांना दम भरला. मे १७९५मध्ये पुन्हा पावासाठी बायका उठल्या, तेव्हा हुकूम निघाला : बायकांनी आपापल्या घरी जावं, पाचांहून अधिक जणी रस्त्यात एकत्र दिसल्या तर अटक होईल. गरज सरो, वैद्य मरो!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. क्रांतीनं बायकांना काहीच दिलं नाही, असं नव्हे. सप्टेंबर १७९२च्या कायद्यानं परस्परसंमतीनं घटस्फोट मिळू लागला. क्रांतीच्या वेगळ्या कायद्यांनी मुलीला वारसाहक्कात मुलाइतका वाटा मिळाला. या मोठ्या गोष्टी होत्या. पण ज्यांच्या हाती त्या राखायच्या, त्यांची संघटनाच मोडून टाकलेली. म्हणून १८०४ साली नेपोलियनची दिवाणी संहिता आली, तेव्हा अडवायला कुणी उरलं नव्हतं. वारसाहक्क टिकला, पण पत्नीनं पतीची आज्ञा पाळावी, हे कलम झालं. बायकोचा व्यभिचार हे घटस्फोटाला पुरेसं कारण. नवऱ्याचा मात्र त्यानं दुसरीला राहत्या घरातच आणून ठेवलं तर! १८१६ साली घटस्फोटच रद्द झाला, तो परत मिळायला १८८४ उजाडलं. १८४८मध्ये ‘सार्वत्रिक मताधिकार’ आला. सार्वत्रिक म्हणजे फक्त पुरुषांचा. फ्रेंच बाईला मताचा हक्क मिळाला १९४४ साली, आणि नवऱ्याच्या परवानगीविना नोकरी धरायचा, बँकेत खातं उघडायचा हक्क १९६५ साली.

हिशेब करा. १७८९ ते १९४४. एकशे पंचावन्न वर्षं! ‘आधी क्रांती, मग तुमचं’ यातलं ‘मग’ एवढं लांब होतं.

हे दूरदेशीचं वाटत असेल, तर गोव्यातल्या मैत्रिणींना विचारा. पोर्तुगालची १८६७ची दिवाणी संहिता १८७०पासून गोव्यात लागू झाली, आणि तिच्यावर नेपोलियनच्या संहितेची छाप होती. लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा, ही त्या कायद्याची चांगली बाजू आपण नेहमी सांगतो. पण त्या मालमत्तेचा कारभार मूळ संहितेनं दिला नवऱ्याच्या हाती. वाटा तिचा, चावी त्याची.

अमेरिका : एकाला थांबवून दुसऱ्याला पुढे

३१ मार्च १७७६ला ॲबिगेल ॲडम्सनं आपल्या नवऱ्याला, जॉन ॲडम्सला, पत्र लिहिलं. स्वातंत्र्याची तयारी चालली होती. नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नका, असं तिनं सुचवलं. नवऱ्यानं उत्तरात ते हसण्यावारी नेलं. चौथ्या महिन्यात, ४ जुलैला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. त्यात बायकांची आठवण नव्हती.

न्यू जर्सी या एका राज्याची गोष्ट तर प्रत्येक अभ्यासवर्गात सांगायला हवी. तिथल्या १७७६च्या घटनेत मतदार म्हणून ‘रहिवासी’ असा शब्द पडला होता. त्यामुळे पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या अविवाहित बायका आणि विधवा तिथं मत देऊ लागल्या. (लग्न झालेलीची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याची, त्यामुळे ती बाद.) आणि १८०७ साली कायदा बदलून त्यांचं मत काढून घेतलं, त्याच कायद्यानं स्वतंत्र काळ्या माणसांचंही काढलं. मिळालेला हक्क परत जातो, तो असा.

१८४८च्या जुलैत सेनेका फॉल्स इथं एलिझाबेथ केडी स्टँटन आणि ल्युक्रेशिया मॉट यांच्या पुढाकारानं बायकांच्या हक्कांची परिषद भरली. बायकांना मत हवं, या ठरावाला तिथंसुद्धा विरोध होता. गुलामीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस उभे राहिले, बोलले, आणि ठराव पास झाला. गुलामीविरोधी चळवळीत या बायकांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. पण यादवी युद्ध संपल्यावर त्यांना सांगितलं गेलं, ही वेळ काळ्या पुरुषाची आहे, तुम्ही थांबा. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्यांदा शिरला. १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीनं वंश वा रंगावरून मत नाकारायला मनाई केली. लिंगावरून नाकारायला नाही. बायकांच्या मताची दुरुस्ती आली १९२० साली. पन्नास वर्षांनी.

इथं आपल्याला अडचणीत टाकणारा भागही बोलायला हवा. ‘थांबा’ म्हटल्यावर स्टँटनसारख्या काही गोऱ्या नेत्या काळ्या पुरुषांविरुद्ध वंशद्वेषाची भाषा बोलल्या. १८६९मध्ये चळवळ फुटली. फ्रान्सिस हार्परसारख्या काळ्या कार्यकर्तीनं पंधराव्या दुरुस्तीची बाजू घेतली. तिच्या समाजातली माणसं रोज मारली जात होती, तिनं दुसरं काय करायचं होतं? आणि १९२०मध्ये गोऱ्या बायकांना मत मिळालं, तरी दक्षिणेतल्या काळ्या बायकांना ते प्रत्यक्ष बजावता यायला १९६५चा मताधिकार कायदा यावा लागला. म्हणजे ‘आधी आमचं, मग तुमचं’ हे गोऱ्या बायकांनीही काळ्या बायकांना ऐकवलंच.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्या लढ्याची धग इथवर पोचली होती, हे आपण अभिमानानं सांगतो. मग त्या लढ्यातली ही फूटही आपल्याला माहीत हवी. सवर्ण बाईनं दलित बाईला, शहरी बाईनं आदिवासी बाईला ‘तुमचा प्रश्न मग’ असं म्हणायचं, आणि वर पुरुष नेत्यांकडे न्याय मागायचा, हे चालणार नाही. ‘मग’ या शब्दाविरुद्धची लढाई आपल्या स्वतःच्या बैठकीपासून सुरू होते.

रशिया : लिहवून घेतलं तेवढं मिळालं

‘हे सगळं भांडवली क्रांत्यांचं झालं,’ असं कुणी म्हणेल. तर मग रशियाकडे जाऊ. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २३ फेब्रुवारी १९१७, आपल्या कॅलेंडरप्रमाणे ८ मार्च. महिला दिन. पेट्रोग्राडच्या व्हीबोर्ग भागात कापडगिरण्यांतल्या बायका संपावर गेल्या. पावाच्या रांगांतल्या बायका त्यांना मिळाल्या. शेजारच्या धातू कारखान्यांच्या दारात जाऊन त्यांनी पुरुष कामगारांना बाहेर ओढलं. गंमत अशी, की त्या भागातल्या बोल्शेविक कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशीच ‘आज संप नको, वेळ आलेली नाही’ असं बायकांना बजावलं होतं! बायकांनी ऐकलं नाही. आठवड्याभरात झार पायउतार झाला.

नवं हंगामी सरकार आलं. ‘सार्वत्रिक मताधिकार देऊ’ म्हणालं, पण त्यात बायका आहेत की नाहीत, यावर मिठाची गुळणी. रशियातल्या बायकांनी वाट बघितली नाही. १९ मार्चला (जुन्या पंचांगाप्रमाणे) सुमारे चाळीस हजार बायकांचा मोर्चा पेट्रोग्राडमध्ये निघाला. समानहक्क संघटनेच्या अध्यक्ष पोलिक्सेना शिश्किना-याव्हेन आणि झारच्या तुरुंगात वीस वर्षं काढलेल्या व्हेरा फिग्नेर पुढे होत्या. शब्द घेतल्याशिवाय त्या दारातून हलल्या नाहीत. जुलैमध्ये कायदा झाला, बायकांना मत मिळालं. फ्रान्समध्ये एकशे पंचावन्न वर्षं, इथं पाच महिने. फरक कशाचा? रशियन पुरुष जास्त उदार होते म्हणून नव्हे. बायकांची संघटना तयार होती आणि ती वळणाच्या ऐन घडीला रस्त्यावर होती, म्हणून.

ऑक्टोबर क्रांतीनंतर १९१८चा कुटुंब कायदा आला : नोंदणी विवाह, सोपा घटस्फोट, लग्नाबाहेरच्या मुलांना समान हक्क. १९२०मध्ये गर्भपात कायदेशीर झाला. १९१९मध्ये पक्षात बायकांचा स्वतंत्र विभाग निघाला, झेनोत्देल; इनेसा आरमांद आणि नंतर अलेक्झांड्रा कोलोन्ताय त्याच्या प्रमुख. पाळणाघरं, साक्षरतेचे वर्ग, सामुदायिक स्वयंपाकघरं यांसाठी या विभागानं जिवाचं रान केलं. १९३० साली तो विभाग बंद केला गेला. बायकांचा प्रश्न सुटला, आता वेगळी चूल कशाला, हे कारण. सहा वर्षांत, १९३६मध्ये, गर्भपातावर बंदी आली, घटस्फोट अवघड झाला. बंदी उठायला १९५५ उजाडलं. आधी विभाग गेला, मग हक्क गेले. हा क्रम लक्षात ठेवा.

आपल्याकडचं ‘मग’

आता आपल्या अंगणात. स्वतंत्र भारतात बाईला मतासाठी वेगळा लढा द्यावा लागला नाही, असं अभिमानानं म्हटलं जातं. ते ‘दिलं गेलं’ असं मात्र समजू नका. १९१७च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ माँटेग्यूला भेटलं आणि मताची मागणी लेखी दिली. १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात स्त्री-पुरुष समान हक्क आणि प्रौढ मताधिकार लिहिला गेला. वळण यायच्या आधी कागद तयार होता, म्हणून १९५०च्या राज्यघटनेत तो उतरला.

जे मालमत्तेचं होतं, त्याला मात्र ‘मग’ लागलं. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात एकत्र कुटुंबातला तो जन्मसिद्ध पुरुषी हक्कच मोडायचं ठरवलं होतं. बिल रखडवलं गेलं, आणि बाबासाहेबांनी १९५१मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६च्या वारसा कायद्यात तो पुरुषी हक्क तसाच राहिला. महाराष्ट्रानं १९९४मध्ये दुरुस्ती केली, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. सगळ्या मुलींना जन्मानं समान हक्क मिळाला २००५ साली. एकोणपन्नास वर्षं. आणि आमच्या सल्ला केंद्रात आजही बाई येते ती हक्कसोड पत्रावर सही करून झाल्यावर. बाप गेल्याच्या महिन्याभरात भावांनी तालुक्याला नेलेलं असतं. ‘आधी भावाचं बस्तान बसू दे, मग तुझी साडीचोळी, तुझं माहेर आहेच.’ ऐकल्यासारखं वाटतं ना?

२०२३ साली लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांना देणारी घटनादुरुस्ती झाली. पेढे वाटले गेले. पण अंमलबजावणी बांधली गेली पुढच्या जनगणनेला, आणि त्यानंतरच्या मतदारसंघांच्या फेररचनेला. कायद्याच्या पोटातच ‘मग’ लिहून ठेवलं!

आक्षेप आणि उत्तर

मला माहीत आहे, लगेच म्हटलं जाईल, तुम्ही चळवळ फोडता. इतिहास काय सांगतो? व्हर्सायच्या मोर्चानं क्रांती फुटली नाही, वाचली. व्हीबोर्गच्या बायकांनी शिस्त मोडली म्हणून झार गेला. फूट पडली ती बायकांना ‘थांबा’ म्हटल्यावर. दुसरा आक्षेप, समाज तयार नव्हता. समाज तयार नव्हता तर १७९२मध्ये घटस्फोट कसा आला? न्यू जर्सीत बायकांनी तीस वर्षं मत कसं दिलं? समाज तयार असतो. सत्ता हाती आलेले तयार नसतात.

म्हणून गटागटांत बोलायला तीन गोष्टी ठेवते. एक, शिबिरात इतिहास शिकवताना प्रत्येक वळणाला तीन प्रश्न विचारा : इथं बायका कुठे होत्या? दुसऱ्या दिवशी त्यांना कुठे पाठवलं? त्यानंतर कायद्याच्या कागदावर त्यांचं काय उरलं? दोन, कुठल्याही आघाडीत जा, खांद्याला खांदा लावून लढा, पण आपली संघटना, आपली बैठक, आपलं दप्तर वेगळं ठेवा. ‘आता वेगळं कशाला’ असं कुणी प्रेमानं म्हणालं, तर १९३० आठवा. तीन, बायकांची मागणी पुरवणीत नको, मूळ मागणीपत्रात हवी, आणि तीत सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या बाईची मागणी आधी हवी.

स्नेही संघटनेची पुस्तिका आम्ही परत पाठवत आहोत. ‘स्त्रियांचे योगदान’ हे दीड पान काढून टाका, अशी आमची सूचना आहे. त्यातला मजकूर ज्या त्या वळणावर, ज्या त्या पानावर घाला. जमिनीच्या मागणीपत्राची पुढची बैठक लवकरच आहे. आम्ही जाणार आहोत. पहिल्या पानावर बाईच्या नावाची मागणी असेल, तर शेवटच्या पानावर आमची सही असेल. नसेल, तर नसेल.